अंगठा उठला नाही तर पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची कंपनी एका राज्य सरकारसाठी आधारशी अंगठा जुळवून लाभार्थी पडताळणी करणारं ॲप करते आहे. आधी रेशन, मग पेन्शन. पायलटमध्ये यशाचं प्रमाण ९८ टक्के आलं आणि मॅनेजर खूश आहेत. उरलेले दोन टक्के त्यांच्या लेखी ‘ऑपरेशनल इश्यू’. धोरण सरकारचं, आपण फक्त कोड लिहितो, असं ते म्हणतात. तुम्हाला ते पटत नाही, पण त्यात नेमकं काय चुकतंय हेही सांगता येत नाही.

मॅनेजरचं म्हणणं अर्धं खरं आहे. आधार सक्तीचं असावं की नसावं हे तुम्हाला कोणी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. अंगठा कितपत जुळला म्हणजे जुळला म्हणायचं, तो उंबरठाही यूआयडीएआयकडे, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाकडे ठरतो, तुमच्याकडे नाही. पण मशीन ‘नाही’ म्हणालं की काउंटरपुढच्या माणसाचं काय करायचं, हे तुमच्या स्क्रीनवर ठरतं. तिथे ‘पुन्हा प्रयत्न करा’ आणि ‘रद्द करा’ अशी दोनच बटणं असतील तर तुम्ही धोरण ठरवलंत. मंत्रालयातल्या कुणाला त्याचा पत्ताही नसेल.

आता त्या ९८ टक्क्यांकडे बघू, कारण सगळी गोम तिथे आहे.

समजा एका दुकानात ५०० कार्डं आहेत आणि दर महिन्याला त्यातल्या १० घरांचं प्रमाणीकरण होत नाही. यश ९८ टक्के. ही दहा घरं दर महिन्याला वेगळी असतील तर वर्षभरात १२० घरांचा एकेक महिना चुकला. वाईटच, पण निभावून नेता येईल. पण दर महिन्याला तीच दहा घरं असतील, तर त्या दहा घरांत वर्षभर रेशन गेलेलं नाही. डॅशबोर्डवर दोन्हीकडे आकडा एकच, ९८.

आणि प्रत्यक्षात दुसरीच गोष्ट घडते. ज्यांचे अंगठे उठत नाहीत ते लोक योगायोगाने निवडलेले नसतात. वय झालं की बोटावरच्या रेषा सपाट होत जातात. वीटभट्टी, दगडखाण, सिमेंटचं काम, ऊसतोड, दिवसभर साबणात आणि राखेत हात घालून घासलेली भांडी, मासळीच्या धंद्यात बर्फ आणि खारं पाणी, या सगळ्यांनी कातडी झिजते. कुष्ठरोगाने बोटं गेलेल्यांचा तर प्रश्नच नको. म्हणजे ज्याला धान्याची गरज जास्त, त्याचाच अंगठा न उठण्याची शक्यता जास्त. तुमच्या पायलटमध्ये टेस्टिंग कोणी केलं ते बघा. तालुक्याच्या ठिकाणी, ऑपरेटरच्या आणि कर्मचाऱ्यांच्या अंगठ्यांवर झालं असेल तर ९८ हा कीबोर्डवर काम करणाऱ्या बोटांचा आकडा आहे.

मोजण्यातली दुसरी गडबड आणखी बारीक आहे. तुमचा आकडा प्रयत्नांवर काढलाय, की माणसांवर? एखाद्याचा अंगठा चौथ्या वेळी उठला, तर नोंदीत तीन अपयशं आणि एक यश. त्याला धान्य मिळालं. दुसरी बाई एकदा नाही म्हटल्यावर निघून गेली, तिचं फक्त एक अपयश. प्रयत्नांच्या हिशेबात धान्य मिळालेला माणूस सिस्टिमला जास्त ‘त्रास’ देणारा दिसतो आणि रिकाम्या पिशवीने परतलेली बाई कमी. पुढच्या महिन्यात ती आलीच नाही तर तिचं अपयश शून्य. म्हणजे वगळलेली माणसं कंटाळून यायची थांबली की तुमचं यशाचं प्रमाण वाढतं! प्रकल्प सुरू होऊन सहा महिने झाले की ‘सुधारणेचा’ आलेख दाखवला जातो. त्यातली किती सुधारणा स्कॅनरची आणि किती लोकांनी नाद सोडल्याची, हे त्या आलेखातून कधीच कळत नाही.

म्हणून पहिलं काम हे: मोजायचं एकक बदला. ‘या महिन्यात किती कार्डांवर धान्य गेलं नाही, त्यातल्या कितींवर मागच्या महिन्यातही गेलं नव्हतं, आणि त्यातले किती दुकानात येऊन गेले होते.’ तीन रकाने. क्वेरी लिहायला फार तर अर्धा दिवस लागेल. ती मागितलेली नसते म्हणून लिहिली जात नाही, एवढंच.

हा काही नवा शोध नाही. केंद्राच्याच २०१६-१७च्या आर्थिक पाहणी अहवालात आधार प्रमाणीकरण फसण्याचं प्रमाण झारखंडमध्ये ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के असल्याचे अंदाज छापले होते. तो सुरुवातीचा काळ होता, त्यानंतर मशीनं आणि नेटवर्क दोन्ही सुधारलं, हे मान्य. पण त्याच झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७मध्ये अकरा वर्षांची मुलगी दगावली. घरचं रेशन कार्ड आधारला जोडलेलं नाही म्हणून आधीच रद्द झालं होतं. भुकेने की आजाराने, यावर सरकार आणि कार्यकर्ते भांडत राहिले. कार्ड रद्द झालं होतं, यावर मात्र वाद नव्हता.

त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ला केंद्राच्या अन्न विभागाने आणि यूआयडीएआयने परिपत्रकं काढली. सार एवढंच की, आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कोणाचं धान्य अडवायचं नाही. दुसऱ्या कागदपत्रावर ओळख पटवा, नोंद ठेवा, धान्य द्या. आधार कायद्याच्या कलम ७मध्येही ज्याला क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचा पर्यायी मार्ग द्यायचा, अशी तरतूद आहे. २६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा आधार कायदा बहुतांशी उचलून धरला, तेव्हा कोणी वगळलं जाऊ नये यासाठी बहुमताच्या न्यायमूर्तींनी अशाच परिपत्रकाचा आधार घेतला होता. विरोधी निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. माणसाचे हक्क अल्गोरिदमच्या आणि शक्यतांच्या भरवशावर टाकता येणार नाहीत, असं त्यांनी लिहिलं. कोणाच्या बाजूचं का असेना, पण अंगठा जुळला नाही म्हणून उपाशी ठेवा असं कुणीच म्हटलेलं नाही. कायदा, परिपत्रक, निकाल, सगळे एका बाजूला आहेत.

मग माणूस परत का जातो? कारण परिपत्रक फाइलमध्ये आहे आणि दुकानदाराच्या हातात मशीन आहे. मशीनमध्ये त्या परिपत्रकाचं बटणच नाही. ‘एक्सेप्शन फ्लो फेज टूमध्ये घेऊ’, म्हणजे अपवादाचा मार्ग पुढच्या टप्प्यात बघू, हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. फेज वनचं बिल निघतं, फेज टू येतं तेव्हा निम्मी टीम बदललेली असते.

त्या काउंटरवर प्रत्यक्ष काय घडतं ते सांगतो. स्कॅनरच्या काचेवर धान्याचा भुगा बसलेला असतो, शेजारीच वजनकाटा चालू असतो. बाई अंगठा ठेवते. नाही. दुकानदार म्हणतो, हात पुसा. पदराला पुसून पुन्हा. नाही. दुसरं बोट लावा. मग मधलं. मग कोणी तरी म्हणतं, तेल लावून बघा. मागे रांग कुरकुरते. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आणि एक क्रमांक येतो. दुकानदार तो वाचत नाही. ‘तुमचं आधार बंद पडलंय, सेतूत जाऊन या,’ असं सांगून मोकळा होतो.

तो क्रमांक महत्त्वाचा असतो. ३०० म्हणजे बोट जुळलं नाही. दुसरं बोट, डोळा किंवा सरळ पर्यायी मार्ग. ८११ म्हणजे त्या क्रमांकापुढे बायोमेट्रिकच नाही. लहानपणी आधार काढलेल्या आणि नंतर अपडेट न केलेल्या मुलांचं असं होतं, त्याला शंभर वेळा बोट लावून उपयोग नाही. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे. ९९८ म्हणजे क्रमांकातच घोळ. चार वेगळी दुखणी, चार वेगळे उपाय, आणि त्यातलं सेतू केंद्रात जाऊन सुटण्यासारखं प्रत्येकच नाही. दुकानदाराला आणि त्या बाईला ऐकू येतं ते एकच: आधार बंद. एका दिवसाची मजुरी बुडवून ती तालुक्याला जाते, तिथे सांगतात आधार चालू आहे. आता खोटं कोण बोलतंय? हा सगळा फेरा एका मराठी वाक्याने वाचला असता, आणि ते वाक्य लिहिणं तुमच्या हातात आहे.

ओटीपीचा पर्याय दिला की काम झालं, असं समजू नका. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बऱ्याच घरांत पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलाचा असतो, कधी आधार काढून देणाऱ्या ऑपरेटरचाच, कधी रिचार्ज संपून दुसऱ्याला गेलेला. ओटीपी तिसरा पर्याय म्हणून ठीक, पण तो शेवटचा नसावा. शेवटचा पर्याय असा हवा की ज्याला ना बोट लागतं, ना फोन, ना रेंज.

तुमचा क्लायंट इथे अडणार, आणि त्याचा मुद्दा फालतू नाही. मागचं दार उघडं ठेवलं की दुकानदार त्यातूनच पोती बाहेर काढणार. काढतीलही. मशीन येण्याआधी ‘यंदा कोटाच आला नाही’ हे उत्तर गावोगाव खपत होतं, ते मशीनने बरंचसं बंद केलं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला कोल्हापुरात आपल्या बीडच्या कार्डावर धान्य उचलता येतं, तेही याच यंत्रणेमुळे. मी मशीनच्या विरोधात नाही. ज्यांच्याकडे ओळखीचा एकही कागद नाही त्यांना ओळख मिळावी, याच आश्वासनावर २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार वाटलं गेलं होतं. ते आश्वासन मला आजही रास्त वाटतं.

पण चोरी कुठली आणि औषध कुठलं, हे बघायला हवं. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा हे अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की रेशनमधली मोठी चोरी दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलण्याची नाही, मापात मारण्याची आहे. पंचवीस किलोचा अंगठा घ्यायचा आणि बावीस किलो द्यायचे. या चोरीवर अंगठ्याचा काडीचा इलाज नाही. उलट पावतीवर पंचवीस छापून येतात आणि चोरीला सरकारी शिक्का मिळतो. त्यावरचा इलाज म्हणजे वजनकाटा मशीनला जोडणं, आणि तो सरकारला फार उशिरा सुचला. झारखंडमध्ये मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं. नुसत्या आधार पडताळणीने गळती थांबल्याचं आढळलं नाही, आणि ज्यांचं आधार आधी जोडलेलं नव्हतं त्यांच्या हाती पडणारा लाभ सुमारे १० टक्क्यांनी घटला. पुढे जुन्या साठ्याचा हिशेब मशीनच्या नोंदींशी ताडून कोटा कापायला लागले तेव्हा गळती घटली, पण त्याबरोबर लोकांचं धान्यही घटलं.

म्हणून क्लायंटला सांगा, दार उघडं ठेवा पण त्यावर नजर ठेवा. दोनदा अंगठा फसला की पर्यायी मार्ग आपोआप उघडावा, त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. कार्ड आणि कोणतंही ओळखपत्र बघून त्याच दिवशी धान्य. पुरवठा निरीक्षकाला नोंद जाते. महिन्याच्या शेवटी कुठल्या दुकानात अपवाद किती, याची यादी निघते. ज्या दुकानात सगळ्या आसपासच्या दुकानांपेक्षा चौपट अपवाद दिसतील तिथे जाऊन तपासा, ती नावं चावडीवर वाचून दाखवा, दक्षता समितीला द्या. आधी द्या, मग तपासा. आज आपण आधी तपासतो, आणि तपासणी फसली की देतच नाही. चोर दुकानदार सापडला तर त्याचा परवाना जाऊ दे. बाईची भाकरी का जावी?

आणि हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना २०२०ची टाळेबंदी आठवून द्या. संसर्गाच्या भीतीने महाराष्ट्रात लाभार्थ्याऐवजी रेशन दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य देण्याची मुभा दिली गेली होती. गरज अधिकाऱ्यांना पटली तेव्हा सोय झाली.

आणखी एक गोष्ट मी हट्टाने मागतो: नकाराची पावती. धान्य मिळालं की पावती निघते, मिळालं नाही की काहीच निघत नाही. ही बाई आज दुकानात आली होती याचा तिच्याकडे काही पुरावा नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३च्या कलम ८प्रमाणे हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. मागणार कशाच्या जोरावर? तारीख, दुकान क्रमांक, कारण मराठीत, आणि कोणाकडे दाद मागायची ते, एवढं छापलेली वीतभर चिठ्ठी. प्रिंटर मशीनमध्ये आहेच. या एका मागणीला जितका विरोध होतो तितका दुसऱ्या कशालाच होत नाही. कारण उघड आहे, या चिठ्ठ्या कोणी तरी जमवून कलेक्टर कचेरीत घेऊन येईल, ही भीती. यायलाच हवं.

फॉर्ममधला एखादा रकाना काय करू शकतो, याचं ताजं उदाहरण घरचंच आहे. लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात अर्जदार महिलेच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागितला होता. उत्पन्न कुटुंबाचं बघायचं म्हणून तो रकाना आला असणार, हेतू समजण्यासारखा आहे. पण पती वारलेला आणि वडीलही हयात नाहीत, किंवा घटस्फोट झालाय आणि वडील नाहीत, अशा बाईने तिथे काय भरायचं? ओरड झाली, नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा महिलांना कागदपत्रं देऊन मार्ग काढून दिला गेला. विधवांना वगळा असं कोणी ठरवलं होतं का? नाही. एक रकाना अनिवार्य केला गेला, बस्स. महाराष्ट्रात एकल महिला किती आहेत हे माहीत असलेला एक माणूस त्या बैठकीत असता तर सुरुवातीलाच विचारता झाला असता.

‘लॉगमध्ये तसं दिसत नाही’ या वाक्याची किंमत बघायची असेल तर ब्रिटनच्या पोस्टाचं होरायझन प्रकरण वाचा. फुजित्सुने केलेली हिशेबाची सिस्टिम १९९९पासून पोस्ट शाखांमध्ये आली, ती खोटी तूट दाखवायची. शाखा चालवणाऱ्या माणसांवर चोरीचे खटले झाले, ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. तक्रार करणाऱ्या अनेकांना एकच उत्तर मिळत होतं: असं फक्त तुमच्याकडेच होतंय. शेवटी २०२४मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्या रेशन दुकानातही हेच चालतं. ‘बाकी सगळ्यांचा उठतो, तुमचाच उठत नाही.’ एकेकट्या माणसाला ते खरं वाटतं, कारण बाकीच्यांचा डेटा त्याच्याकडे नसतो. तो तुमच्याकडे असतो.

डेटा संरक्षण कायद्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. २०२३च्या कायद्यात अनुदान, लाभ देण्यासाठी सरकारला काही बाबतीत संमतीशिवायही माहिती वापरता येते. म्हणून ‘कायद्याने चालतं’ हे तुमच्या वकिलांचं उत्तर बरोबरच असेल. पण पेन्शनच्या ॲपमध्ये चेहरा पडताळणी घेताय, तर तो फोटो किती दिवस ठेवणार, कोणाला दिसणार आणि पडताळणी झाल्यावर तो ठेवायचाच कशाला, हे कायदा विचारत नसला तरी तुम्ही विचारा. न साठवलेला फोटो चोरीला जात नाही.

आता व्यवहाराचं. राजीनामा देऊ नका, भाषणही नको. जी माणसं असं करतात त्यांच्या जागी दुसऱ्या दिवशी कोणी तरी येतं आणि कोड तसाच जातो. पुढच्या आठवड्यात क्लायंटबरोबर बैठक आहे म्हणता, तर एसआरएसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं त्याच्या दस्तऐवजात, अपवादाचा मार्ग फेज वनमध्ये टाकायची मागणी लेखी न्या, सोबत २४ ऑक्टोबर २०१७च्या परिपत्रकाची प्रत जोडा. सरकारी अधिकारी तुमच्या नैतिकतेला दाद देईल न देईल, परिपत्रकाला देतो. उद्या लेखापरीक्षणात किंवा कोर्टात विचारलं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. पेन्शनची बरीच माणसं म्हातारी आहेत, त्यामुळे तिथल्या चाचणीत म्हातारी आणि कष्टाची बोटं किती असतील तेही लिहून घ्या.

करारातलं पैशाचं कलम जरूर उघडून बघा. तुमचं बिल यशस्वी व्यवहारांवर निघत असेल, किंवा दंड प्रयत्नांच्या टक्केवारीवर लागत असेल, तर तुमच्या कंपनीला आकडा चांगला दिसण्यात रस आहे, धान्य पोचण्यात नाही. ते कलम बदलून ‘सलग दोन महिने धान्य न गेलेली कार्डं’ असा निकष मागा. तुमचे मॅनेजर कदाचित नाही म्हणतील. म्हणू द्यात, फक्त ते बैठकीच्या इतिवृत्तात नावानिशी येईल एवढं बघा.